परदेशातून लाकूड मागवताय? मग आधी झाडाचं नाव विचारा

कंटेनरचं दार उघडलं तेव्हा आतलं प्लायवूड अगदी चोख होतं. गठ्ठे सरळ, पट्ट्या घट्ट, कागद पूर्ण. तपासायला आलेल्या क्वारंटाइन अधिकाऱ्याने (मालातून येणारी परदेशी कीड रोखणाऱ्या खात्याच्या माणसाने) प्लायवूडकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने टॉर्च मारला तो गठ्ठ्यांखालच्या ठोकळ्यांवर. माल हलू नये म्हणून पुरवठादाराच्या माणसांनी हाताला लागले ते चार-पाच ओबडधोबड तुकडे खाली सरकवून दिले होते. एकावर साल तशीच होती. सालीत पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक, आणि भोकाखाली कंटेनरच्या तळावर चिमूटभर पिवळसर भुसा. ताजा. म्हणजे आत कीड जिवंत.

त्या चिमटीने सगळा कंटेनर अडकला. ज्या लाकडाची किंमत कुणी धरलीच नव्हती, त्याच्यापायी किमती मालावर रोजचं भाडं चढत गेलं. कागद मी केले होते आणि मी नवखा होतो. प्लायवूडला ‘फायटो’ (माल कीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागत नाही, एवढं पाठ होतं. खालच्या ठोकळ्यांना वेगळा नियम आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

लाकडाच्या आयातीत बहुतेक घोळ असेच होतात. नियम फार अवघड नाहीत, पण ते एका ठिकाणी सापडत नाहीत. शेतीखातं किडीकडे बघतं, वनखातं झाडाकडे, कस्टम्स वर्गवारी आणि किमतीकडे, मानक संस्था डिंकातल्या रसायनाकडे. चौघांनाही तुमचा माल अडवता येतो आणि एकाचा होकार दुसऱ्याला बांधील नसतो. बारीक नियम देशागणिक बदलतात. तरी त्यांच्या मुळाशी असलेले करार आंतरराष्ट्रीय आहेत, त्यामुळे कामाचा क्रम कुठेही साधारण सारखाच राहतो. तो क्रम इथे लावून देतो.

सुरुवात तीन प्रश्नांनी

पुरवठादाराला भाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. झाड कोणतं? ते तोडलं कुठे? आणि आता ते कोणत्या रूपात आहे: सालीसकट ओंडका, चिरलेली फळी, भट्टीत सुकवलेली फळी, विनियर (म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा), प्लाय की तयार खुर्ची? पुढचा प्रत्येक परवाना आणि दाखला या तीन उत्तरांवर ठरतो. उत्तर द्यायला जो पुरवठादार टाळाटाळ करतो, त्याच्या स्वस्त भावाकडे मी ढुंकून बघत नाही.

पहिली पायरी: बाजारातलं नाव सोडा, शास्त्रीय नाव घ्या

इथे घाई करू नका. खरी गंमत आणि खरा धोका इथेच आहे.

‘टीक’ हा शब्द घ्या. आपण ज्याला साग म्हणतो ते टेक्टोना ग्रँडिस. लुप्त होऊ घातलेल्या जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा जो ‘साइट्स’ करार आहे, त्याच्या यादीत साग नाही. पण बाजारात ‘आफ्रिकन टीक’ म्हणून जे विकलं जातं ते पुष्कळदा पेरिकॉप्सिस एलाटा, म्हणजे अफ्रोर्मोसिया असतं, आणि ते यादीत आहे. ‘ब्राझिलियन टीक’ म्हणजे कुमारू, डिप्टेरिक्स वंशातलं झाड. तेही यादीत आहे, पण २५ नोव्हेंबर २०२४ पासून. ‘रोडेशियन टीक’ हे तर चौथंच झाड. इन्व्हॉइसवर नुसतं ‘टीक’ लिहिलं असेल, तर हा माल बिनपरवान्याचा की परवान्याचा, हे कुणालाही सांगता येणार नाही. तपासणाऱ्याला शंका आली की नमुना प्रयोगशाळेत जातो आणि माल गोदामात पडून राहतो.

महोगनीचंही तेच. मोठ्या पानांची महोगनी, स्विटेनिया मॅक्रोफिला, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून येत असेल तर नियंत्रित. आफ्रिकन महोगनी, म्हणजे खाया वंश, फेब्रुवारी २०२३ पासून नियंत्रित. ‘फिलिपीन महोगनी’ मात्र महोगनीच्या कुळातलीही नाही, ती शोरिया वंशातली मेरांटी. आणि ‘रोझवुड’ हा शब्द दिसला की सरळ धोक्याची घंटा समजा. शिसवीचा अख्खा डालबर्जिया वंश २ जानेवारी २०१७ पासून यादीत आहे.

तेव्हा कोटेशनपासून फायटोपर्यंत प्रत्येक कागदावर वंश आणि जाती, दोन्ही नावं लिहून घ्या. प्लायवूडमध्ये वरचा पापुद्रा एका झाडाचा आणि आतला गाभा दुसऱ्याचा असतो. अशा वेळी दोन्ही विचारा. ‘मिक्स्ड हार्डवुड’ हे काही झाडाचं नाव नाही.

दुसरी पायरी: साइट्सची यादी

साइट्स करारावर ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या आणि तो १ जुलै १९७५ पासून लागू झाला. त्याची तीन परिशिष्टं आहेत.

पहिल्या परिशिष्टातल्या झाडाचा व्यापारी व्यवहार जवळपास बंदच समजा. ब्राझिलियन रोझवुड, म्हणजे डालबर्जिया नायग्रा, १९९२ पासून तिथे आहे. दुसऱ्या परिशिष्टातलं लाकूड विकता येतं, पण निर्यात करणाऱ्या देशाच्या साइट्स प्राधिकरणाचा निर्यात परवाना हवा. रक्तचंदन, रामिन, अगरू, बुबिंगा, आफ्रिकेतली अफ्झेलिया, ईपे ही नावं इथली. तिसऱ्यात एखाद्या देशाने आपल्यापुरती घातलेली नावं असतात. तिथे त्या देशाचा परवाना लागतो आणि बाकीच्या देशांतून आलेल्या मालाला उगमाचा दाखला पुरतो.

नवख्यांची गाडी पुढच्या मुद्द्यांवर अडते. निर्यात परवाना दिल्यापासून सहा महिन्यांत वापरावा लागतो. जहाज उशिरा लागलं, मधल्या बंदरात माल रेंगाळला, की मुदत सरते. परवाना माल निघण्याआधीचाच हवा. ‘माल पाठवतो, परवाना मागाहून कुरिअर करतो’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा, कारण मागाहून काढलेला परवाना सहसा चालत नाही. काही देश करारापेक्षा कडक आहेत. दुसऱ्या परिशिष्टाच्या मालाला करारानुसार आयात परवान्याची गरज नाही, पण युरोपीय संघ तोही मागतो, आणि तो माल पोचण्याआधी हातात असावा लागतो.

परवान्यावर उगमाचा संकेत असतो: रानातल्या झाडाला ‘डब्ल्यू’, लागवडीतल्याला ‘ए’. लागवडीचं लाकूड आहे, असं पुरवठादार तोंडी सांगतो आणि परवान्यावर ‘डब्ल्यू’ असतं, असं पुष्कळदा होतं. खरं काय ते आधी विचारा. विसंगती दिसली की तपासणारा ती हमखास उकरून काढतो.

सवलतीही आहेत, पण त्या यादीतल्या तळटीपांमध्ये दडलेल्या असतात. शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९च्या नोव्हेंबरपासून सूट मिळाली, कारण वादक आणि वाद्यं बनवणारे परवाने काढून काढून मेटाकुटीला आले होते. त्याच शिसवीची कच्ची फळी मात्र नियंत्रितच राहिली. एखादी तळटीप फक्त ओंडके, फळ्या आणि विनियरला लागू असते, दुसरी तयार वस्तूंनाही. म्हणून नुसतं ‘यादीत आहे का’ एवढं बघून भागत नाही. नावापुढचा तळटीपेचा क्रमांकही वाचावा लागतो. करारासाठी चालवलेला ‘स्पीशीज प्लस’ हा शोधसंच फुकट आहे. शास्त्रीय नाव टाकलं की परिशिष्ट, तारीख आणि तळटीप समोर येते.

तिसरी पायरी: कस्टम्सचा संकेतांक

जगभरच्या कस्टम्सच्या वर्गवारीत पहिले सहा आकडे सारखे असतात. लाकूड आणि लाकडी वस्तू ४४व्या प्रकरणात येतात. ओंडका ४४०३, चिरलेली फळी ४४०७, विनियर ४४०८, पार्टिकल बोर्ड ४४१०, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली पाटी) ४४११, प्लायवूड ४४१२, दारं-खिडक्या ४४१८, स्वयंपाकघरातली लाकडी भांडी ४४१९. फर्निचर मात्र ९४व्या प्रकरणात, वाद्यं ९२व्या, खेळणी ९५व्या.

फळी आणि विनियर यांच्यामधली रेघ ६ मिलिमीटरची. त्याहून जाड ती फळी, तेवढं किंवा पातळ ते विनियर. फळीच्या कडेला खाच-जीभ कोरली, की ती ४४०९मध्ये जाते. हे सगळं कंटाळवाणं वाटेल, पण शुल्क तर यावर ठरतंच, शिवाय क्वारंटाइनची तपासणी लागणार की नाही, हेही बऱ्याच देशांत याच आकड्यावरून संगणक ठरवतो. पुरवठादाराने टाकलेला आकडा डोळे मिटून उचलू नका, चुकला तर दंड तुमच्या नावावर लागतो. शंका असेल तर कस्टम्सकडून आगाऊ निर्णय मागता येतो. ही सोय बहुतेक देशांत आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात.

चौथी पायरी: समोरचा देश ते लाकूड बाहेर जाऊ देतो का?

हा प्रश्न लोक विसरतात, कारण सगळं लक्ष आपल्या देशाच्या नियमांवर असतं. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली. गॅबॉनने २०१०मध्ये तेच केलं, म्हणून तिथलं ओकूमे आता विनियर किंवा फळीच्या रूपातच निघतं. इंडोनेशियातही ओंडक्यांवर बंदी आहे. अशा देशातला ओंडका कुणी स्वस्तात देऊ करत असेल, तर स्वस्ताईचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. निर्बंधांकडेही बघा. उदाहरणार्थ, रशिया आणि बेलारूसचं लाकूड युरोपीय संघाने २०२२ पासून बंद केलं आहे.

पाचवी पायरी: चोरीचं नाही, हे दाखवा

पूर्वी सीमेवर फक्त कीड आणि कर बघायचे. आता ‘हे झाड कायदेशीर तोडलं का’ हेही विचारतात. अमेरिकेचा लेसी कायदा १९००चा. मुळात तो शिकारीच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध होता. मे २००८मध्ये त्यात झाडं आणि लाकूड आलं. त्यानंतर टप्प्याटप्प्याने अनेक लाकडी वस्तूंसोबत जाहीरपत्र द्यावं लागू लागलं: शास्त्रीय नाव, किंमत, परिमाण आणि झाड कोणत्या देशात तोडलं ते. गिब्सन ही नामांकित गिटार कंपनीसुद्धा मादागास्करच्या एबनीवरून यात सापडली. २००९मध्ये कारखान्यावर छापा पडला आणि २०१२मध्ये ३ लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटलं.

युरोपीय संघाचा लाकूड नियम मार्च २०१३पासून लागू होता. त्याची जागा आता जंगलतोडविरोधी नियम घेत आहे. त्यानुसार झाड जिथे तोडलं त्या जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल साफ केलेल्या जागेवरचं लाकूड चालत नाही. त्याच्या अंमलाची तारीख पुढे ढकलली गेली आहे, म्हणून माल मागवण्याच्या आठवड्यात ती ताजी बघून घ्या. जुन्या लेखातली तारीख धरून बसू नका. ऑस्ट्रेलियाचा यासंबंधीचा कायदा २०१२चा, जपानचा २०१७पासून लागू.

इथे एक गल्लत फार होते. माल बनला तो देश आणि झाड तोडलं तो देश वेगळे असू शकतात. ओंडका एका देशातला, तो सोलला दुसऱ्यात, प्लाय दाबला तिसऱ्यात. कस्टम्सच्या ‘मूळ देश’ या रकान्यात तिसरा येईल, पण लेसीच्या जाहीरपत्रात पहिला. दोन्ही रकान्यांत एकच देश भरून मोकळं होणं ही नवख्याची हमखास चूक.

पुरावा म्हणून काय गोळा करायचं? तोडीचा परवाना किंवा लिलावाची पावती, वाहतुकीचा पास, गिरणीचं बिल आणि निर्यातीची कागदपत्रं. प्रत्येक टप्प्याला एक कागद, आणि एका कागदावरचा आकडा पुढच्याशी जुळणारा. ‘एफएससी’सारखं, जंगल जबाबदारीने सांभाळल्याचं प्रमाणपत्र असेल तर काम हलकं होतं, पण बहुतेक कायद्यांत ते तुमची चौकशीची जबाबदारी काढून घेत नाही. शिवाय प्रमाणपत्र कंपनीला असतं, तुमच्या मालाला नाही. इन्व्हॉइसवर त्या मालापुढे तसा दावा आणि प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असेल तरच त्याला अर्थ. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या प्रमाणपत्राचा फोटो उपयोगाचा नाही.

सहावी पायरी: किडीचे कागद

हे कागद माल निघण्याआधीचे. म्हणून क्रम महत्त्वाचा.

आधी आपल्या देशाच्या क्वारंटाइन खात्याची अट वाचा. भारतात ‘वनस्पती संगरोध आदेश २००३’ आहे. ऑस्ट्रेलियात ‘बायकॉन’ नावाचा संच आहे, त्यात वस्तू आणि देश टाकला की अटी समोर येतात. कच्च्या, सालीसकट लाकडाला पुष्कळ ठिकाणी आयात परवाना लागतो आणि तो माल चढण्याआधीच्या तारखेचा असावा लागतो. चिरलेल्या लाकडाला कुठे परवाना, कुठे नुसता फायटो. प्लायवूड, एमडीएफ, रंगरोगण केलेलं फर्निचर अशा उष्णतेतून किंवा दाबातून गेलेल्या वस्तूंना बहुतेक देश फायटो मागत नाहीत, कारण त्या प्रक्रियेत कीड जिवंत राहत नाही. ‘बहुतेक’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे.

फायटो, म्हणजे पादपस्वच्छता प्रमाणपत्र, निर्यात करणाऱ्या देशाचं सरकारी वनस्पती संरक्षण खातं देतं. खाजगी फ्युमिगेशनवाला देतो तो धुरी दिल्याचा दाखला. हे दोन वेगळे कागद आहेत. धुरीचा दाखला पाठवून ‘फायटो दिला’ म्हणणारे पुरवठादार मी इतके पाहिले आहेत की आता यादीत दोन्ही नावं वेगळ्या ओळींवर लिहितो. फायटोवर खाडाखोड असेल आणि तिथे खात्याचा शिक्का-सही नसेल, तर तो रद्द धरला जातो. आपल्या देशाने एखादं जादा निवेदन मागितलं असेल, जसं की ‘अमुक भुंग्यापासून मुक्त’, तर ते शब्दशः त्याच कागदावर यायला हवं. त्यासाठी आयात परवान्याची प्रत पुरवठादाराला आधीच पाठवा. तो ती खात्यात दाखवतो आणि अधिकारी त्यातलंच वाक्य उतरवून घेतात.

उपचाराचा प्रश्न नाजूक आहे. काही देश मिथाइल ब्रोमाइडची धुरी मागतात. हा वायू ओझोनच्या थराला मारक, म्हणून मॉन्ट्रियल करारात त्याचा वापर आवळला गेला. क्वारंटाइनपुरती सवलत राहिली, तरी युरोपीय संघात तो २०१०पासून बंद आहे. म्हणजे तुमचा देश जो उपचार मागतो, तो माल निघतो त्या देशात मिळतच नसेल, असं होऊ शकतं. मग उष्णतेचा पर्याय चालेल का, हे लेखी विचारून घ्यावं लागतं. हा पत्रव्यवहार माल चढण्याआधी करायचा असतो, समुद्रात असताना नव्हे.

आणि ‘भट्टीत सुकवलंय’ म्हणजे कीड मारली, असं आपोआप होत नाही. सुकवणं ओलावा कमी करण्यासाठी असतं. किडीसाठी लाकडाच्या गाभ्यात ठरलेलं तापमान ठरलेला वेळ टिकावं लागतं. भट्टीत दोन्ही साधता येतं, पण दाखल्यावर दोन्ही लिहिलेलं हवं.

सातवी पायरी: पॅकिंगचं लाकूड

आता त्या ठोकळ्यांकडे येऊ. आयात माल काहीही असो, यंत्र, काच, फरशी किंवा लाकूड, त्याखालचं पॅलेट, भोवतालचं खोकं आणि टेकू दिलेले तुकडे यांना ‘आयएसपीएम १५’ हा पॅकिंगच्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय नियम लागू होतो. तो २००२ साली आला, कारण किडी पॅकिंगमधून खंड ओलांडत होत्या. १९९६मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लांब मिशांचा आशियाई भुंगा सापडला. २००२मध्ये डेट्रॉइटजवळ अ‍ॅश झाडं पोखरणारा हिरवा भुंगा सापडला आणि पुढे त्याने उत्तर अमेरिकेतल्या कोट्यवधी झाडांचा बळी घेतला.

नियम साधा आहे. लाकूड सोललेलं हवं आणि त्यावर मान्य उपचार हवा. सर्वांत रूढ उपचार म्हणजे गाभ्यासकट सगळ्या लाकडात ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. त्याचा संकेत ‘एचटी’. मिथाइल ब्रोमाइडचा ‘एमबी’. सूक्ष्मलहरींसारख्या तापवण्याचा ‘डीएच’, आणि सल्फ्युरिल फ्लोराइडचा ‘एसएफ’. उपचारानंतर शिक्का: डावीकडे गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, उजवीकडे देशाची दोन अक्षरं, उत्पादकाचा क्रमांक आणि उपचाराचा संकेत. शिक्का पुसला न जाणारा, शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंवर. हाताने मार्करने काढलेला चालत नाही. लाल-केशरी रंगही टाळायचा, कारण तो धोकादायक मालाच्या खुणांसाठी राखलेला आहे.

साल अजिबात नको का? तशी थोडी सूट आहे. उरलेला सालीचा तुकडा ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर लांबी कितीही चालते. रुंद असेल तर एका तुकड्याचं क्षेत्र ५० चौरस सेंटिमीटरच्या आत हवं. ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाची, किंवा निव्वळ प्लायवूडची खोकी यातून मुक्त आहेत. म्हणून हुशार पुरवठादार टेकूसाठीही प्लायवूडचेच तुकडे चिकटवून वापरतात.

मोडलेलं पॅलेट दुरुस्त करताना बिनशिक्क्याची एक फळी ठोकली जाते आणि जुना शिक्का वर तसाच मिरवत राहतो. हे डोळ्यांत तेल घालून बघा. मी आता पुरवठादाराकडून कंटेनर भरताना तीन फोटो मागतो: रिकामा तळ, अर्धा भरलेला, आणि दार लावण्याआधीचा. शिक्के वाचता येतील इतक्या जवळून. पाच मिनिटांचं काम आहे आणि कुणी नाही म्हटलेलं नाही.

बोर्ड आणि फर्निचर असेल तर

प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्डमध्ये डिंकातून फॉर्मल्डिहाइड सुटतं. अमेरिकेत हार्डवुड प्लायवूडला दशलक्षाला ०.०५ भाग, पार्टिकल बोर्डला ०.०९, एमडीएफला ०.११ ही मर्यादा आहे आणि मालावर तशी चिठ्ठी लागते. युरोपमध्ये ई-१ हा कमी फॉर्मल्डिहाइडचा वर्ग चालत आला आहे आणि तिथल्या मर्यादा आणखी कडक होत आहेत. भारतात प्लायवूडसारख्या मालाला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण लागते, म्हणजे परदेशी कारखान्यालाच आधी परवाना काढावा लागतो. या कामाला महिने जातात. बाकी सगळं जमलं आणि हे राहिलं, तर तो कारखाना बदलण्यावाचून गत्यंतर नसतं.

मापाचा घोळ

गोल ओंडक्यांच्या, विशेषतः सागाच्या व्यवहारात अजून ‘हॉपस’ माप चालतं. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. समजा घेर १२० सेंटिमीटर आणि लांबी ४ मीटर. चौथा भाग ०.३ मीटर, वर्ग ०.०९, गुणिले ४ म्हणजे ०.३६ घनमीटर. आता तोच ओंडका भूमितीच्या खऱ्या सूत्राने मोजा: सुमारे ०.४५८ घनमीटर येतात. झाड एक, आकडे दोन, आणि फरक एकवीस टक्क्यांचा. चिरताना वाया जाणारं लाकूड धरून हे जुनं माप बेतलेलं आहे, त्यात लबाडी नाही. लबाडी वाटते ती इन्व्हॉइस हॉपसमध्ये आणि फायटो खऱ्या घनमीटरमध्ये आल्यावर. तपासणाऱ्याला वाटतं माल जास्त भरलाय. साइट्स परवान्यावरचं परिमाण ओलांडलं तर प्रकरण आणखी चिघळतं. करारातच लिहा: माप कोणतं, साल धरून की सोडून, आणि सगळ्या कागदांवर तेच. घनफुटात बोलणाऱ्यांसाठी: १ घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट, आणि हॉपस घनफुटात २७.७४.

पैसे देण्याआधी

करारात कागदांची यादी नावानिशी घाला आणि बाकी रक्कम त्यांच्या मसुद्यांवर लटकवा. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल चढल्याची जहाज कंपनीची पावती), फायटो, धुरीचा दाखला, लागत असेल तर साइट्स परवाना आणि उगमाचा दाखला, या सगळ्यांचे मसुदे जहाज सुटण्याआधी ईमेलवर मागवा. एकेक शेजारी ठेवून वाचा. नाव आणि पत्ता अक्षरशः जुळतो का? शास्त्रीय नावाचं स्पेलिंग एकच आहे का? नग, गठ्ठे, वजन, कंटेनर क्रमांक? धुरीची तारीख बिल ऑफ लेडिंगच्या आधीची आहे ना? हे काम कंटाळवाणं आहे हे मला मान्य आहे. मी ते चहाबरोबर, मोठ्याने वाचत करतो. डोळा चूक गिळतो, कान गिळत नाही.

विक्रीच्या अटींतही फसगत होते. पुरवठादाराच्या दारातून माल उचलायची अट घेतली, तर निर्यातीचे परवाने काढणं तुमच्या गळ्यात येतं, आणि परदेशी माणसाला ते काढणं अवघड. नवख्याने जहाजावर चढवून देण्याची किंवा भाडं-विम्यासकटची अट घ्यावी आणि निर्यातीचे कागद पुरवठादाराकडेच ठेवावेत.

माल पोचल्यावर

क्लिअरिंग एजंट लाकडाचा अनुभव असलेला शोधा. सुट्या भागांचा माल सोडवणारा उत्तम एजंट लाकडात चाचपडतो. कागद आधीच सादर करण्याची सोय असेल तर जहाज लागण्यापूर्वीच करा, म्हणजे फुकट मुदतीचे दिवस तपासणीत जात नाहीत. ती मुदत संपली की बंदराचं आणि कंटेनरचं भाडं वेगवेगळं चढायला लागतं.

तपासणीत कीड किंवा साल सापडली, तर साधारण तीन वाटा असतात: तिथेच उपचार, माल परत पाठवणं, किंवा नष्ट करणं. खर्च तिन्ही बाबतींत आयातदाराचा. उपचाराचा पर्याय दिला तर लगेच घ्या. हुज्जत घालण्यात जाणारा प्रत्येक दिवस भाड्याचा असतो. ऑस्ट्रेलियासारख्या देशात माल निर्दोष असूनही ऋतूमुळे उपचार लागतो. तपकिरी दुर्गंधी ढेकणासाठी १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात ठरावीक देशांतून निघालेल्या लाकडी मालाला तिथे जादा अटी आहेत.

सगळे कागद, फोटोंसकट, निदान पाच वर्षं जपा. तोडीचा पुरावा कधी कधी माल विकून, वापरून झाल्यावर विचारला जातो.

आणि दार उघडताना: धुरी दिलेल्या कंटेनरमध्ये वायू उरलेला असू शकतो, आणि मिथाइल ब्रोमाइडला वास जवळजवळ नसतोच. बाहेर इशाऱ्याची चिठ्ठी नसली तरी तो धुरीचाच आहे असं धरा. दोन्ही दारं सताड उघडून ठेवा, वायू मोजणाऱ्या माणसाकडून मोजून घ्या, आणि तोवर गठ्ठे उतरवायला कुणालाही आत पाठवू नका. आत गेल्यावर आधी टॉर्च तळावर मारा, ठोकळ्यांच्या बाजूला.